दोन्हीकडून खाणारे खरे कोण? जिवतीची 14 गावं आणि दोन राजांच्या जमिनीची जुनी गोष्ट

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण पूर्ण वाचा.

जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या 14 गावांची बातमी कुठेही आली की तिच्याखाली एक वाक्य हमखास येतं. "त्यांचं काय बाप्पा, दोन्हीकडून खातात." दोन रेशन कार्ड, दोन मतदार याद्या, दोन सरपंच, मराठी शाळा वेगळी, तेलुगू शाळा वेगळी. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडूनही मी हे ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ते वाक्य खरं नाही. ते का खरं नाही, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. आधी साता समुद्रापार, मग आपल्या वर्धा नदीच्या काठावर.

दोन राज्यांत पाय ठेवून दोन्हीकडचा महसूल खाणारी माणसं इतिहासात खरंच होऊन गेली. ती शेतकरी नव्हती. ते राजे होते, सरदार होते.

1066 साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला आणि लढाई जिंकून तिथला राजा झाला. गंमत अशी की इंग्लंडमध्ये तो कुणाचाही ताबेदार नव्हता, पण नॉर्मंडीसाठी तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिकच राहिला. एकच माणूस, इकडे राजा आणि तिकडे जहागीरदार. त्याच्यासोबत गेलेल्या सरदारांचंही तेच झालं. वाडवडिलांची गढी नॉर्मंडीत आणि नव्यानं मिळालेली गावं इंग्लंडात. मधे समुद्र, पण अरुंद. सगळ्यात चिंचोळ्या जागी सुमारे 34 किलोमीटर. त्यांच्या लेखी ती सीमा नव्हतीच, आपल्याकडच्या नदीसारखा एक उतार होता. होडीत बसलं की पलीकडे.

पुढे 1154 मध्ये दुसरा हेन्री इंग्लंडचा राजा झाला. बापाकडून आँजू, आईकडून नॉर्मंडी, बायको एलेनॉरकडून अ‍ॅक्विटेन. फ्रान्सच्या राजाकडे स्वतःची म्हणावी अशी जेवढी जमीन नव्हती, तेवढी या त्याच्या मांडलिकाकडे फ्रान्समध्येच होती.

अशा घराण्यांनी वाटण्या कशा केल्या ते बघा. रॉबर्ट द बोमाँ नावाचा सरदार होता. फ्रान्समध्ये म्यूलाँ, नॉर्मंडीत बोमाँ, इंग्लंडात लेस्टर, अशा तीन ठिकाणी जमिनी. 1118 मध्ये तो वारला. त्याला जुळे मुलगे होते. एकाला समुद्राच्या अलीकडचं दिलं, दुसऱ्याला पलीकडचं. आपल्याकडे दोन भावांत धुऱ्यावरून वाटणी होते, तिथं समुद्रावरून झाली.

हा सुखाचा कारभार 1204 पर्यंत चालला. त्या वर्षी फ्रान्सच्या फिलिप राजानं इंग्लंडच्या जॉनकडून नॉर्मंडी हिसकावून घेतली. रातोरात समुद्र सीमा झाला. दोन्ही राजांनी सरदारांना एकच सवाल केला, तू कुणाचा? जे फ्रान्सकडे राहिले त्यांच्या इंग्लंडातल्या जमिनी जॉननं जप्त केल्या. जे इंग्लंडकडे गेले त्यांच्या नॉर्मंडीतल्या जमिनी फिलिपनं. विल्यम मार्शल नावाचा एक बडा आणि हुशार सरदार मात्र 1205 मध्ये फिलिपपुढे जाऊन नॉर्मंडीतल्या जमिनींपुरती निष्ठा वाहून आला, आणि नंतर फ्रान्सवरच्या स्वारीत जॉनसोबत जायला त्यानं नकार दिला. जॉन संतापला, पण मार्शलची जमीन दोन्हीकडे टिकली. पुढे हाच माणूस इंग्लंडच्या बालराजाचा कारभारी झाला. 1244 मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईनं हाही रस्ता बंद केला. एका माणसाला दोन धनी चालणार नाहीत, एक कुठला तरी निवडा, असा हुकूम निघाला.

एवढं सगळं सांगायचं कारण एकच. सीमा पक्की झाली तेव्हा सरदाराला विचारलं गेलं. त्याच्याकडे निवड होती. एकीकडची गेली तरी दुसरीकडची जमीन हातात होती. दोन मुलगे असतील तर एक इकडे, एक तिकडे करता येत होतं. हे लक्षात ठेवा आणि आता आपल्याकडे या.

आपल्या चांद्याच्या गोंड राजांची पहिली राजधानी कुठली? बल्लारपूर म्हणाल तर ती नंतरची. परंपरा सांगते की पहिली गादी सिरपूरला होती. तेच सिरपूर, जे आज तेलंगणात आहे. बल्लारशाहहून काझीपेटच्या पॅसेंजरमध्ये बसा. वर्धेचा पूल ओलांडला की माणिकगड स्टेशन लागतं, विरूर लागतं, आणि पुढे सिरपूर टाऊन. रेल्वेनं जाताना आपण राज्य बदलतो, पण खरं तर उलट्या दिशेनं जातो. राजे आले त्याच वाटेनं. खांडक्या बल्लाळशहाच्या काळात, साधारण 15 व्या शतकात, गादी नदीच्या अलीकडे बल्लारपूरला आली आणि मग झरपटच्या काठी चांदा वसलं. ससा आणि कुत्र्याची कथा इथल्या पोराटोरांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही.

मुद्दा असा की या राज्याला वर्धा ही सीमा नव्हतीच. दक्षिणेला सिरपूर आणि माणिकगडाचा डोंगर, इकडे चांदा, पूर्वेला हिऱ्यांच्या खाणीचं वैरागड. नदी राज्याच्या मधून वाहत होती.

आणि हा राजाही एका अर्थी विल्यमसारखाच होता. अकबराच्या काळात अबुल फझलनं ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात चांद्याच्या बाबाजीची नोंद केली आहे. 1000 घोडेस्वार, 40 हजार पायदळ, वैरागडची हिऱ्याची खाण. एवढं सैन्य असलेला माणूस, पण मोगली कागदावर तो जमीनदार. माणिकगडच्या नावानं तर त्याच सुभ्यात एक सरकार म्हणून नोंद आहे. म्हणजे आपल्या लोकांसाठी राजा, दिल्लीच्या वहीत जमीनदार. कागद आणि जमीन यांच्यातलं हे अंतर बराच काळ निभावलं. खंडणी थकली की फौज यायची. 1667 मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर आला आणि मोठी खंडणी घेऊन गेला. पैसा गेला, राज्य राहिलं.

1751 मध्ये ते गेलं. नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांदा घेतलं, शेवटचा राजा नीलकंठशहा कैदेत गेला. आता इथले धनी भोसले.

भोसल्यांच्या कारभाराचा एक भाग आजच्या विषयाशी फार जवळचा आहे. वऱ्हाडात त्या वेळी दुअमली होती. मुलूख नावाला निजामाचा, पण महसुलात भोसल्यांचा ठरलेला वाटा. एकाच गावावर दोघांचे कामदार. एक वसूल करून गेला की दुसरा हजर. आता सांगा, दोन सरकारं असली म्हणून त्या गावच्या कुणब्याला दोन्हीकडून खायला मिळत होतं काय? खाणारे दोन होते, देणारा एकच.

मग आलं 1803. हे वर्ष आपल्या भागाचं 1204 आहे असं मी म्हणेन. चांद्याच्या शाळेत ते शिकवलं जात नाही याचं वाईट वाटतं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, त्यानं 29 नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांचा पराभव केला. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात एक कलम असं आहे की भोसले आणि निजाम यांच्यातली सीमा म्हणजे वर्धा नदी, डोंगरातून निघते तिथपासून गोदावरीला मिळते तिथपर्यंत. आपण ज्या पाण्याला वैनगंगेच्या संगमानंतर प्राणहिता म्हणतो, तेही त्यातच आलं. भोसल्यांसाठी अपवाद म्हणून गाविलगड आणि नरनाळा सोडले, बस.

एका ओळीनं बल्लारपूर एका राज्यात आणि राजुरा दुसऱ्या राज्यात गेलं. सिरपूर आणि चांदा, एकाच घराण्याच्या दोन राजधान्या, दोन देशांत वाटल्या गेल्या. नकाशा समोर ठेवून, इथून लांब, एका छावणीत हे ठरलं. नदीच्या काठच्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा, तू कुणाचा? नॉर्मंडीच्या सरदाराला निदान हा प्रश्न तरी विचारला होता.

बड्यांचं काय झालं? बड्यांचं निभावतं. त्याच महिन्याच्या 30 तारखेला शिंद्यांनीही इंग्रजांशी तह केला. त्यात उत्तरेतला केवढा मुलूख गेला, पण जामगावसारखी दक्षिणेतली घराण्याची वतनी गावं त्यांनी लिहून घेऊन राखली. नागपूरकर भोसल्यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1853 मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं. नागपूर गेलं, चांदा गेलं, सगळं गेलं. पण सातारा जिल्ह्यातलं देऊर नावाचं गाव, जे छत्रपतींच्या काळापासून घराण्याकडे होतं, ते कामाला आलं. 1861 मध्ये दत्तक वारस जानोजींना इंग्रजांनी किताब दिला तो 'देऊरचे राजाबहादूर' असा. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्याला शेवटी साताऱ्याकडच्या एका गावानं नाव दिलं. दोन ठिकाणी जमीन असण्याचा फायदा म्हणतात तो हा.

सामान्य माणसानं सीमेचा फायदा घ्यायचा म्हटला तर काय होतं, तेही आपल्याच मातीत दिसतं. 1858 मध्ये मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव इंग्रजांविरुद्ध उठले. ते तर जमीनदार होते, अगदी सामान्यही नव्हते. बाबूरावांना अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंकडून इंग्रजांच्या ताब्यात दिलं गेलं, आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. व्यंकटराव इंद्रावतीपलीकडे बस्तरात गेले. दुसरं राज्य, दुसरा राजा. पण 1860 मध्ये बस्तरच्या राजानंच त्यांना पकडून दिलं, आणि जन्मठेप झाली. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून 67 गावं मिळाली. अहेरीवर दोष ठेवायला हे लिहीत नाही. त्या काळी त्या गादीवर बसणाऱ्यासमोर काय पर्याय होते ते आज खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. सांगायचंय ते एवढंच की दोन राज्यकर्त्यांचं जमलं की मधल्या माणसाला सीमा वाचवत नाही.

आता वर्धेच्या त्या रेषेचं पुढे काय झालं ते बघू, कारण 14 गावांचा गुंता तिथूनच येतो.

15 ऑगस्ट 1947 ला बल्लारपुरात तिरंगा फडकला. नदीच्या पलीकडे राजुऱ्यात निजामाचं राज्य होतं. बसनं अर्धा तासही लागत नाही इतक्या अंतरावर. राजुऱ्याचं स्वातंत्र्य 13 महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1948 ला आलं. म्हणून राजुऱ्यात आजही मुक्तीदिन वेगळा असतो, आणि चंद्रपूरच्या नव्या पिढीला त्याचं कारण ठाऊक नसतं. कारण आहे 1803 ची ती ओळ.

तेव्हा राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1956 मध्ये भाषेवर राज्यं पडली. आदिलाबादमधला मराठी भाग म्हणून किनवट आणि राजुरा आपल्या बाजूला आले, आसिफाबाद आंध्रात गेलं. राजुरा आधी नांदेड जिल्ह्याला जोडलं, 1959 मध्ये आपल्या चांदा जिल्ह्यात आलं. दीडशे वर्षांनी नदी पुन्हा जिल्ह्याच्या मधून वाहायला लागली, गोंड राजांच्या काळासारखी. पण सीमा मिटली नाही, ती फक्त दक्षिणेला सरकली. नदीवरून डोंगरात. माणिकगडाच्या पहाडावर.

नदी असली की निदान अलीकडे-पलीकडे कळतं. पहाडात, जंगलात काय कळणार? परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, लेंडीजाळा अशी 14 गावं दोन्ही राज्यांच्या दप्तरात राहिली. इकडे जिवती तालुका, तिकडे केरामेरी मंडल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 1997 मध्ये महाराष्ट्राचं म्हणणं टिकलं. पण पलीकडचा कारभार थांबला नाही. आधी आंध्र, 2014 नंतर तेलंगणा. योजना तिकडच्याही येत राहिल्या, निवडणुका तिकडच्याही होत राहिल्या. महाराजगुड्यात तर एका कुटुंबाच्या घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात आणि काही तेलंगणात, म्हणून टीव्हीवाले येऊन गेले. बातमी गमतीची झाली. घरपट्टी मात्र दोन्हीकडे.

गंमत सोडा, आणि त्या गावांत राहणाऱ्याच्या जागी उभं राहून विचार करा. पेन्शन दोन्हीकडून मिळते, हे खरं आहे. काहींना मिळते. रेशन मिळतं. पण शेतकऱ्याला लागतं काय? जमिनीचा कागद. वर्षानुवर्षं वाहत असलेल्या जमिनीचा पट्टा नाही, ही इथली सगळ्यात जुनी तक्रार आहे. पट्टा नाही तर पीककर्ज नाही. कर्ज नाही तर सावकार. जंगलाची जमीन, महसुलाची जमीन, कुठल्या राज्याची जमीन, या तीन प्रश्नांत फाईल अडकते. मत मागायला दोन्हीकडचे येतात. पट्टा द्यायची वेळ आली की दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात.

सरदाराच्या दोन निष्ठा आणि या शेतकऱ्याची दोन रेशन कार्डं यात हाच फरक आहे. सरदाराकडे दोन्हीकडे जमीन होती, म्हणून दोन्ही राजांना त्याची गरज होती. या माणसाकडे दोन्हीकडे नाव आहे आणि जमिनीचा कागद एकीकडेही नाही. आपल्याला दोन कार्डं दिसतात, नसलेला सातबारा दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. सरकारांना जी रेषा ठरवता येत नाही, ती लोकांनी कधी मानलीच नाही. महाराजगुड्याच्या हद्दीत जंगुबाईचं ठाणं आहे, गुहेत. पौष महिन्यात दोन्ही राज्यांतले गोंड तिथे येतात. कुळं तीच, देव तेच, सोयरीक तीच. चंद्रपूरची लेक आसिफाबादला आणि तिकडची इकडे, हे चालूच आहे. तिथून जवळच, त्याच केरामेरी भागात जोडेघाट आहे, जिथे 1940 मध्ये कोमराम भीम निजामाच्या फौजेशी लढताना पडले. आपल्याकडच्या आदिवासी घरांत बाबूराव शेडमाके आणि कोमराम भीम यांचे फोटो शेजारी शेजारी असतात. त्यांच्या मनात तो एकच मुलूख आहे, सिरपूर-चांद्याचा. तेव्हा ही गावं कुठल्या संस्कृतीची, मराठी की तेलुगू, हा वाद मुंबई-हैदराबादला घालू द्या. गोंडी बोलणाऱ्या, कोलामी बोलणाऱ्या घराला तो वाद परकाच आहे. आणि मराठवाड्यातून पोटासाठी येऊन पहाडावर वसलेल्या कुटुंबांनाही भाषेपेक्षा जमिनीची चिंता जास्त आहे.

2025 च्या जुलैमध्ये आपल्या सरकारनं ही गावं पूर्णपणे महाराष्ट्रात घेण्याची प्रक्रिया सुरू करू असं सांगितलं. चांगलं आहे. पण 1803 पासूनचा अनुभव सांगतो की रेषा ठरते तेव्हा वरच्यांचं भागतं आणि खालच्याला नंतर कळतं. म्हणून या वेळी क्रम उलटा हवा. आधी मोजणी, आधी पट्टा, ग्रामसभेत सगळ्यांसमोर यादीचं वाचन, आणि मग दुसरीकडचं कार्ड रद्द. तेलंगणाची पेन्शन बंद झाली त्या महिन्यात आपली सुरू झाली पाहिजे, सहा महिन्यांनी नव्हे. तेलुगू शाळेत शिकणाऱ्या पोरांचं वर्ष वाया जाता कामा नये. "एक निवडा" असा हुकूम लुई राजानंही काढला होता, पण त्याच्या सरदाराच्या हातात निवडीनंतर एक जमीन तरी उरत होती. आमच्या माणसाच्या हातात काय उरणार, हे आधी लिहून द्या.

राजुरा, जिवती, कोरपन्याकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी निजामाच्या काळातली पावती, वतनाचा कागद, जुना फेरफार, उर्दूतला असला तरी, असेल तर जपून ठेवा. फोटो काढून ठेवा. उंदीर-वाळवी लागू देऊ नका. मोजणीच्या दिवशी तो कागद तुमच्या बाजूनं बोलेल.